बाबांची गाडी

बाईंनी वर्गात विचारलं, घरी मराठी केव्हा बोलता? मी खरं ते सांगितलं: गाडीत. आई शेजारी असते, मुलं बरोबर नसतात, आणि बेरशेबाहून कुठेही जायचं म्हटलं की तासभर तरी गप्पा होतात. म्हणून गाडीविषयीच लिहितो.

गाडी बाबांची. १९८९ ची बीएमडब्ल्यू ३१८आय, जुनी घेतलेली. मुंबईत गिरणीत फिटर होते, इथे कारखान्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर ही एक हौस केली. दर शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी ती पुसून ठेवायचे. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली.

दोन वर्षांपूर्वी ती त्रास देऊ लागली. सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचा वेग वरखाली व्हायचा, चढावर दम लागायचा. माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं. आपल्याला जे येतं तिथेच दोष असणार असं माणसाला वाटतं. मी कॉम्प्युटरवर संशय घेतला.

या गाडीत तो समोरच्या कप्प्याच्या वर असतो, डब्यासारखा. शब्बाथ सुटल्यावर तो काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला. आई म्हणाली, “तिथे मी पोळ्या लाटते.” मी खाली वर्तमानपत्र अंथरलं. आपण मूळचे शनवार तेली, तेलाचे डाग आईला नवीन नाहीत, पण टेबल तिचं आहे.

आत २७सी२५६ नावाची चिप होती, अठ्ठावीस पायांची, सॉकेटमध्ये बसवलेली. तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी आणि त्यावर कागद चिकटवलेला. कागद निघाला आणि चिप थेट उन्हात राहिली, तर आठवडाभरात सगळं पुसलं जातं. आपल्या नेगेवच्या उन्हाला तेवढंही लागू नये. म्हणून कागदाला हात न लावता चिप सोडवली, वाचकयंत्रात बसवली आणि लॅपटॉपवर तिची नक्कल घेतली. एकूण ३२,७६८ आकडे.

बहुतेक आकडे म्हणजे प्रोग्राम. त्यांचा आलेख काढला तर नुसता कचरा दिसतो. पण मध्येच आकडे शिस्तीत चढतात आणि उतरतात, घाटासारखे. ते तक्ते. एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक घरात एक हुकूम: एवढं पेट्रोल दे, किंवा ठिणगी एवढ्या अंशांनी आधी टाक. ठिणगीच्या तक्त्यात एक आकडा म्हणजे पाऊण अंश. आईला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. “पाऊण! तुझ्या मुलांना पाऊण म्हणजे किती ते विचार.” विचारलं नाही, उत्तर मला ठाऊक होतं.

त्या तक्त्यात भार जास्त आणि वेग मध्यम अशा जागी एक खळगा होता. आजूबाजूच्या घरांपेक्षा तिथे ठिणगी उशिरा पडत होती. मला वाटलं, इथेच गाडीचा दम गेलाय. दुसरी चिप आणली, खळगा तीन अंशांनी भरला, नवी नक्कल बसवली. गाडी खरंच जरा चपळ झाली. मी स्वतःवर फार खूश होतो. बाबा असते तर दाखवलं असतं, असंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन मृत समुद्रावर गेलो. परतताना आरादचा चढ लागतो, समुद्रसपाटीच्या चारशे मीटर खालून थेट हजार मीटर वर. ऑगस्टची दुपार. निम्म्या वाटेवर आई म्हणाली, “डब्यात खडे वाजल्यासारखं काय वाजतंय?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, “बाबांच्या वेळी असा आवाज नव्हता. थांबव.”

थांबवली. तिचं बरोबर होतं. ठिणगी फार आधी पडली की सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधी फुटतं आणि पिस्टनला घाव बसतात. असंच चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. नव्या गाड्यांत हा आवाज ऐकणारा सेन्सर असतो आणि कॉम्प्युटर आपोआप माघार घेतो. या इंजिनाला तो नाही. म्हणून कारखान्यातल्या लोकांनी आधीच तो खळगा ठेवला होता: उन्हाळा, चढ, हलकं पेट्रोल, सगळं धरून. आणि मी शहाण्याने तो भरला.

इंजिन निवल्यावर हलक्या पायाने आरादपर्यंत आलो, ९५ ऐवजी ९८ चं पेट्रोल भरलं आणि घरी पोहोचलो. आई वाटभर गप्प होती. गाडीतली मराठी त्या दिवशी बंद.

दुसऱ्या दिवशी जुनी चिप परत बसवली आणि गाडी ओळखीच्या मुसाखवाल्याकडे नेली. त्याने लॅपटॉप वगैरे काही उघडलं नाही. बॉनेट वर केलं आणि हवेचा जाड रबरी पाइप हाताने वाकवला. घडीत लांब चीर होती. हवा मोजणारं यंत्र त्या चिरेच्या आधी बसवलेलं. चिरेतून शिरणारी हवा कॉम्प्युटरला कळतच नव्हती, म्हणून पेट्रोल कमी पडत होतं. वेग वरखाली होणं, दम लागणं, सगळं त्यातूनच. त्यावर माझे तीन अंश म्हणजे आगीत तेल. पाइप बदलायला वीस मिनिटं लागली.

तरी चिप वाचली याचं वाईट वाटत नाही. अशा चिपमधला विद्युत भार वर्षानुवर्षं झिरपत जातो, आणि ही पस्तिशीच्या पुढची आहे. आता गाडीत मूळ आकड्यांची जशीच्या तशी नक्कल चालते, एकही घर न बदलता. नक्कल मूळ चिपशी आकड्याला आकडा लावून तीनदा ताडून पाहिली. मूळ चिप चांदीच्या कागदात गुंडाळून आईच्या कपाटात आहे, मलिद्याच्या ताटाशेजारी. तिने डबीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावलीय: “बाबांची. हात लावू नये.” माझ्या धाकट्याने परवा ती वाचली, अक्षर अक्षर जुळवत, आणि मला विचारलं, “लावू नये म्हणजे?”