आज्जीचं परदेशातलं माहेर

पाठीवर सॅक टाकायची, खिशात मोजके पैसे ठेवायचे आणि परदेशातली जुनी गावं नि डोंगर पायी हिंडायचे, ही आजच्या मुलामुलींची मोठी हौस. आमची कन्याही त्याला अपवाद नाही. बी.ए.चं शेवटचं वर्ष संपायच्या आधीच तिने देश ठरवून टाकला होता, पोर्तुगाल. लिस्बनच्या चढउताराच्या गल्ल्या आणि उत्तरेकडचे डोंगर. घरात अर्थातच चर्चा झाली. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "निन्न जोडी यार् बर्तार?" आमच्या घरात स्वयंपाकघर कन्नड आणि पुस्तकांचं कपाट मराठी, पण काळजी मात्र दोन्ही भाषांत सारखीच असते.

त्याच सुमारास एका परिचिताने आणखी एक गोष्ट आमच्या कानावर घातली. "तुमची आज्जी डिचोलीची ना? मग व्हिसाच्या रांगेत कशाला उभ्या राहता? पोर्तुगीज पासपोर्टच काढा की!" गोष्ट खोटी नव्हती. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालने नागरिकत्वाची वाट ठेवली होती आणि हजारो गोवेकर त्या वाटेने युरोपात गेले. आता गंमत बघा. लेकीला पोर्तुगीज व्हायचं तर आधी तिच्या आईला, म्हणजे मला, व्हावं लागणार. चाळिशी ओलांडलेली मराठीची प्राध्यापिका पोर्तुगीज नागरिक! सगळे पोट धरून हसले. मला मात्र हसता हसता आज्जी आठवली.

माझी आज्जी, वडिलांची आई, डिचोलीजवळच्या एका खेड्यातली. १९५३ साली लग्न होऊन ती बेळगावला आली. वर घाट, खाली घाट, मध्ये जेमतेम शंभर किलोमीटर. पण खालचा मुलूख पोर्तुगीजांचा होता. तरी सुरुवातीला ये-जा होती. मग १९५४-५५ चे सत्याग्रह आले. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या हद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. कर्नैलसिंग बेनिपाल यांच्यासारखे तरुण तिथे पडले. त्यानंतर हद्द आवळली गेली. कॅसलरॉकवरून खाली जाणारी रेल्वे थांबली आणि परवान्याशिवाय माहेर नाही, अशी पाळी आली. १९५८ च्या पावसाळ्यात आज्जीची आई आजारी पडली. निरोप एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आला. आजोबांनी अर्ज केला. परवाना हातात पडला तेव्हा तिकडे तेरावाही होऊन गेला होता. आज्जी पुढे १९६२ साली माहेरी गेली. त्या दिवसाबद्दल ती एवढंच सांगायची, "दार उघडंच होतं, पण दारात कुणी नव्हतं."

म्हणून मी लेकीला म्हटलं, पोर्तुगालला जरूर जा. पण त्याआधी आपल्या घरातला परदेश पायाखाली घाल. डिचोली आणि पेडणे. पाच दिवस, पाठीवर सॅक, जमेल तिथे पायी, नाही तर बस. ती तयार झाली. गेल्या डिसेंबरात आम्ही निघालो.

बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी पाया पडलो. इथून एक पाणी पूर्वेला कर्नाटकात जातं आणि पलीकडचं म्हादईतून गोव्यात उतरतं. पाण्याला पूर्वी परवाना लागत नव्हता, आता त्याच्यासाठीही लवाद बसतो! घाटाचा काही भाग आम्ही चालत उतरलो. खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी चमकत होतं. याच सह्याद्रीच्या वाटांनी एके काळी बैलांचे तांडे खालून मीठ आणि खोबरं वर आणत आणि वरून धान्य खाली नेत. भाषाही त्याच बैलांच्या पाठीवरून आल्या-गेल्या असणार.

साखळीजवळ विठ्ठलापूरला विठ्ठलाचं देऊळ आहे. ज्याला संतांनी कानडा म्हटलं तो विठ्ठल पोर्तुगीज राज्यातही उभा होता. हे कसं, असं लेकीने विचारलं. उत्तर इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेश, साष्टी हे मुलूख पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात घेतले आणि तिथली देवळं पाडली. डिचोली, सत्तरी, पेडणे हे मुलूख त्यांच्या हाती आले ते १८ व्या शतकाच्या अखेरीस. तोवर धर्माचा तो जोर ओसरला होता. म्हणून या भागात देवळं राहिली आणि देवळांबरोबर भजन, कीर्तन, दशावतार आणि मराठी पोथ्याही राहिल्या. आज्जी शाळेत फारशी गेली नव्हती, तरी तिला पोथी वाचता येत होती, त्याचं कारण मला त्या देवळाच्या सभामंडपात कळलं.

हरवळ्याची जांभ्या दगडातली लेणी बघून दुसऱ्या दिवशी नार्व्याला गेलो. तिथे सप्तकोटीश्वर आहे. गोव्याच्या कदंबांचं हे दैवत. कदंबांचे अनेक शिलालेख कन्नडमध्ये आहेत आणि आपल्या खानापूर तालुक्यातलं हलशी हेही त्यांचंच ठाणं. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. ते पाडलं गेल्यावर लिंग नदी ओलांडून नार्व्याला आणलं गेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे २०२३ साली पुन्हा दुरुस्ती होऊन ते उजळलं आहे. देव कन्नड राजांचा, देऊळ मराठी राजाचं आणि गाऱ्हाणं घालणारे कोकणी! लेक म्हणाली, "आई, हे आपल्या घरासारखंच झालं." परतीच्या बसवरही नाव होतं 'कदंब'. गोव्याच्या सरकारी बसला त्याच राजघराण्याचं नाव आहे, हे आपल्याकडच्या किती जणांच्या ध्यानात येतं?

डिचोलीच्या आसपासचे डोंगर मात्र बघवत नाहीत. अर्धे कापलेले, पायऱ्या पायऱ्यांचे, तळाशी हिरवट पाण्याचे खड्डे. इथलं लोहखनिज बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून जपानला, पुढे चीनला गेलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या आणि आता काही ठिकाणी हळूहळू सुरू होत आहेत. परदेशातले डोंगर बघायला माणसं जातात. इथले डोंगरच परदेशी निघून गेले. पण ज्यांच्या घरची चूल ट्रकवर चालते त्यांना बंदीचे दिवसही कठीण गेले, हेही तिथल्या चहाच्या टपरीवर ऐकलं.

तिसऱ्या दिवशी आज्जीच्या माहेरी पोचलो. अंगणात तुळस, पडवीत सोललेले नारळ. "तुमी खंयच्यो?" असं विचारणाऱ्या बाईंना आज्जीचं नाव सांगितलं, आणि पाठीवरच्या सॅक उतरायच्या आतच ताटं मांडली गेली. आज्जीच्या भावाच्या नातवाने जुनी पत्र्याची पेटी काढली. त्यात आज्जीच्या जन्माच्या नोंदीचा कागद होता, पोर्तुगीज भाषेतला, पिवळा पडलेला. तिचं नाव रोमन अक्षरांत असं लिहिलं होतं की मला दोनदा वाचावं लागलं. लेक तो कागद हातात घेऊन बराच वेळ पडवीत बसली. बोलली काहीच नाही.

पुढचे दोन दिवस पेडण्यात. भगवती देवळाच्या दाराशी उभे असलेले दगडी हत्ती, देशप्रभूंचा प्रचंड वाडा, नदीकाठचा हळर्णचा किल्ला. १७४६ साली हा किल्ला जिंकला म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉयला 'अलोर्नाचा मार्किस' ही पदवी मिळाली. म्हणजे पेडण्यातल्या एका खेड्याचं नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटलं! मग केरीहून फेरीबोटीने तेरेखोल. खाडीच्या मुखावरचा हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधला, पुढे पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला होता.

तेरेखोलच्या तटावर बसून लेक म्हणाली, "ज्या कागदामुळे पणजीला तिची आई शेवटची भेटली नाही, त्या कागदावर मी नाही जाणार. व्हिसाची फी मी शिकवण्या घेऊन भरेन." मी तिला म्हटलं, तुझा निर्णय तुझ्यापुरता ठेव. ज्यांनी पोटासाठी तो पासपोर्ट घेतला त्यांना नावं ठेवू नकोस. आज्जीनेही कधी कुणाला ठेवली नाहीत. ती म्हणाली, "ते मला कळतं गं. मला फक्त परत येताना परवाना लागायला नको."

हे वाक्य मला पुरलं. भारतीय कायद्यात दोन नागरिकत्वं एकदम ठेवता येत नाहीत. एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं. वरून साधा वाटणारा कागद घराच्या उंबऱ्याशी येऊन असा अडतो.

शेवटची संध्याकाळ हरमलला. तिथे तर सॅकवाल्यांचीच वस्ती. वर्षानुवर्षं युरोपातून, रशियातून माणसं येतात, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर ती थेट पेडणे तालुक्यातच उतरू लागली. खानावळीत शेजारच्या बाकावर साठीच्या एक परदेशी बाई होत्या. आमच्या सॅक बघून त्यांनी विचारलं, किती लांबून आलात? लेकीने सांगितलं, शंभर किलोमीटर आणि सत्तर वर्षं. बाईंना ते कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली.

वाचकांपैकी कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सॅक सात-आठ किलोंच्या वर नको, बूट वापरून मऊ झालेले असावेत, आणि देवळात जायचं म्हणून एक धुवट कपडा वेगळा ठेवावा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं की त्यांची आई, त्यांची आज्जी कुठल्या गावची. आपल्या सीमाभागात असं घर विरळाच, जिथे एखादं माहेर पलीकडच्या हद्दीत गेलेलं नाही. कुणाचं गोव्यात, कुणाचं धारवाडकडे, कुणाचं चंदगडला. ती गावं नकाशात आहेत, पण सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

लेकीच्या व्हिसाचा अर्ज आता तयार होतो आहे, भारतीय पासपोर्टवर. सासूबाईंनी प्रवासासाठी शेंगदाण्याची चटणी करून देण्याचं कबूल केलं आहे. त्यांचा प्रश्नही आता बदलला आहे. परवा त्यांनी नातीला विचारलं, "अल्ली कन्नड मंदी सिगतारेनु?"