आबांचा रेडिओ

विनोद शिकवण्याइतका गंभीर धंदा दुसरा नसेल. वीस वर्षे मी कॉलेजात विनोदी वाङ्मय शिकवीत आलो आहे. अतिशयोक्ती, विसंगती, कोटी अशी त्याची अंगे फळ्यावर मांडतो. पण वर्गात कुणी हसल्याचे मला स्मरत नाही.

आमच्या कुसगावच्या घरात विनोदाचे खाते आबांकडे होते. आबा रेल्वेत गँगमन. रुळांखालची खडी ठोकून घरी आले की कोनाड्यातला रेडिओ लावीत. २००१ साल असेल. पु. ल. देशपांडे जाऊन वर्ष झाले होते. पुणे केंद्रावर त्यांचे ध्वनिमुद्रण चालू होते आणि आबा गावाला ऐकू जाईल असे हसत होते. माझा एम्. ए.चा अभ्यास चालला होता. मी उठलो, बटण फिरवून रेडिओ बंद केला आणि म्हणालो, "आबा, यात खोली नाही."

आबा रागावले नाहीत. "आरं, ह्यो मानूस बी प्रोफेसरच व्हता की!" एवढेच म्हणाले.

खरेच होते ते. पुलं बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवीत. पुढे ते आकाशवाणीत गेले, बी.बी.सी.त जाऊन ती विद्या शिकून आले. १९६१ साली 'बटाट्याची चाळ' रंगभूमीवर आणली, तीही एकट्याने! गळा गाता, हात पेटीवर फिरता. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात कथा, संगीत, दिग्दर्शन, नायक, सारे तेच. त्यातल्या इंद्रायणीच्या गाण्याचे शब्द गदिमांचे, स्वर भीमसेनांचा आणि चाल पुलंची. इंद्रायणी म्हणजे आमची शेजारीण. पलीकडे कुरवंड्याजवळच ती उगम पावते. त्यामुळे आबा ते गाणे घरचेच समजत.

दोन वर्षांपूर्वी आबांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. "त्यांच्याशी बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. आम्ही बापलेक बोलणार काय? शेवटी मी मोबाइलवर पुलंची 'म्हैस' लावली. आबा हसले. हसण्याची जागा यायच्या आधीच हसले, कारण गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. मग मीही हसलो. अतिशयोक्ती कोणती, विसंगती कोणती, हे पाहायचे राहूनच गेले.

त्यानंतर ते इंद्रायणीचे गाणे लावले. ते संपले आणि आबा स्वतःशीच गुणगुणू लागले. जिभेवर शब्द येत नव्हता, पण चाल कुठे चुकत नव्हती. मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना पुढचे शब्द हवे होते. मी मराठीचा एम्. ए.; आणि मला ते येत नव्हते!

आता रोज संध्याकाळी आमची तालीम असते. चाल आबांची, शब्द माझे. मी कुठे चुकलो की आबा डावा हात उचलतात आणि रेडिओचे बटण बंद केल्याची खूण करतात.