मातीचा ‘प्रेषित’

पोळ्याला मातीचे बैल करावयाचे, हा आमच्या पाथरीचा जुना परिपाठ. यंदा नातवानें त्याच काळ्या मातीचा, कै. जयंतराव नारळीकरांच्या (१९३८–२०२५) ‘प्रेषित’ कादंबरींतील नायक घडविला. ही माती पाण्यानें फुगते व वाळतांना आकसते. आंतली तार मात्र आकसत नाहीं, म्हणून हातपाय दोनदां तडकले. तिसऱ्या खेपेस त्यानें तार वगळली, मातींत राख व लीद मळली, बैलाच्या पायांसारखे हातपाय जाड ठेविले आणि पुतळा सावलींत वाळविला. बाजारांतल्या बाहुल्यांचे चेहरे कारखाना ठरवितो. हा चेहरा वाचनांतून उमटला. मराठी ग्रंथांतील नायक बाजारांत मिळत नाहींत. ते मुलांच्या हातून घडले तरच ग्रंथ कपाटाबाहेर राहतील, असें आम्हांस वाटतें.