चारावरचे शून्य

आपले माणूस रुग्णालयात असले की आपण डॉक्टरांचे नाव हटकून विचारतो; औषध कोणाच्या हातून दिले जाते, ते सहसा विचारत नाही. पस्तीस वर्षे तो हात माझा होता. आणि एकदा तो चुकला.

१९८४ सालची गोष्ट. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात माझी संध्याकाळची पाळी होती. खाटा चाळीस, जमिनीवरच्या गाद्या निराळ्या, आणि आम्ही सिस्टर दोघी. रत्नागिरीकडच्या एका आजींना जेवणापूर्वी इन्सुलिन द्यायचे होते. कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत चाराचा आकडा लिहून पुढे युनिटचा नुसता 'यू' काढला होता. घाईत त्या 'यू'चे तोंड मिटले होते. मी वाचले चाळीस! बाटलीतल्या एका मिलिलिटरला चाळीसच युनिटे. सिरिंज पूर्ण भरली आणि टोचली. शंका कशी आली नाही? पलीकडे एकीचे सलाइन संपत आले होते, एवढेच उत्तर माझ्याजवळ आहे.

साडेनऊच्या सुमारास आजी घामाने निथळू लागल्या, बोलणे असंबद्ध झाले. हाउसमन धावत आला. "सिस्टर, इन्सुलिन किती दिलंत?"

चार म्हटले असते तर कोण पडताळणार होते? सिरिंज केव्हाच उकळायला टाकली होती. पण चारच समजून त्याने ग्लुकोजचे एक इंजेक्शन दिले असते, आजींनी डोळे उघडले असते आणि मध्यरात्री पुन्हा शुद्ध हरपली असती.

"चाळीस," मी म्हणाले.

रात्रभर ग्लुकोज चालू ठेवले. पाळी संपली तरी मी घरी गेले नाही. उजाडता आजींनी चहा मागितला, आणि मी आडोशाला जाऊन रडून घेतले.

मला मेमो मिळाला, वार्षिक वाढ थांबली. त्या 'यू'ला कोणी जाब विचारला नाही. पण माझा मेमो पाहून बाकीच्या मुली शहाण्या झाल्या. पुढची दोन वर्षे आमच्या वॉर्डात म्हणे एकही चूक घडली नाही!

आता 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, इन्सुलिन दोघींनी पडताळावे, असे सांगतात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही औषधांच्या चुकांविरुद्ध मोहीम उघडली. छान झाले. मात्र रात्री दुसरी सिस्टर आणायची कोठून, ते ज्याचे त्याने पाहावे.

घरी जाताना आजींनी पिशवीतून आमसुलांची पुडी काढली. "माझ्यासाठी रातभर जागलीस गो बाय," म्हणाल्या. का जागले, ते मी सांगितले नाही. पुडी घेतली. त्या आमसुलांचे सार मात्र मला कधी करवले नाही.