सव्वीस हातांची विहीर

मास्तरकी करणाऱ्या माणसाला मोजण्याची खोड जडते. वर्गात शिरताच डोकी मोजायची, मग वह्या मोजायच्या, खडूचे तुकडेसुद्धा मोजून ठेवायचे. पुढे पुढे तर लग्नाच्या पंगतीत बसला तरी तो मनातल्या मनात पाने मोजू लागतो. परंतु पोहताना मारलेले हात मोजावेत, ही गोष्ट चाळिशी उलटेपर्यंत मला कधी सुचली नव्हती. आणि आमच्या शिरड शहापुरात दुसऱ्या कुणाला सुचली असेल असेही वाटत नाही. आमच्याकडे पाणी मोजायचे ते विहिरीतले, परसांनी, आणि तेही उन्हाळ्यात, काळजीने. पोहण्याला मापे दोनच : 'येतंय' आणि 'येत नाही'.

पोहायला शिकवण्याची आमची पद्धतही या दोन मापांना साजेशीच. पोराच्या कमरेला दोर, पाठीवर सुकलेला भोपळा किंवा बूच घट्ट लावलेला रिकामा डबा, आणि वरून कुणीतरी थोरल्या माणसाने दिलेला प्रेमळ धक्का! चार दिवस पोटात पाणी जाते, पाचव्या दिवशी डबा सुटतो आणि सहाव्या दिवशी तेच पोर दुसऱ्याला धक्का द्यायला काठावर उभे राहते. या पद्धतीला मी नावे ठेवणार नाही. तिने आमच्या कित्येक पिढ्या तरंगत्या ठेवल्या. मात्र तिच्यातून जे पोहणे निपजते ते पाहण्यासारखे असते. मान पाण्याबाहेर ताठ, डोळे वटारलेले, पाय खाली लोंबलेले आणि हात असे चाललेले, की जणू पाण्याकडून जुनी उधारी वसूल करायची आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी पुण्याहून आली. लहानपणापासून ती तिथल्या तलावात रोज सरावाला जाते. लाडू-चिवड्याच्या डब्यांबरोबर तिच्या पिशवीतून एक वहीही निघाली. मी ती सहज उघडली तर आत पाढ्यांसारखे आकडे! आठ वेळा पन्नास, चार वेळा शंभर, मध्ये वीस सेकंद विसावा, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात आणखी एक आकडा.

"हे काय गं?" मी विचारले.

"हात आहेत, काका. पन्नास मीटरला किती हात लागले ते."

"आणि ते मोजून काय करायचं?"

"कमी करायचे," ती म्हणाली, आणि टॉवेल खांद्यावर टाकून विहिरीकडे निघालीसुद्धा.

दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडच्या विहिरी भरलेल्या असतात. सोयाबीन घरी आलेले, कापसाची वेचणी चाललेली, हळद कमरेइतकी हिरवीगार उभी, आणि पाणी हाताला लागेल इतके वर. माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, त्यांची विहीर जुनी आणि ऐसपैस आहे. पुतणीने काठावरून विचारले, "आजोबा, ही किती रुंद आहे हो?"

"सव्वीस हात," तात्या म्हणाले.

ती पायऱ्यांवरून पाण्यात उतरली, भिंतीला पाय लावून सुटली आणि समोरच्या कपारीला जाऊन टेकली. मग हसत ओरडली, "मला तर सातच लागले!"

तात्यांचा हात दीड फुटाचा, पोरीचा हात पोहण्याचा. परंतु त्या विनोदाने काठावरच्या पोरांना चेव आला. एकामागून एक सगळे उड्या टाकू लागले आणि मी मोजू लागलो. एकाला अठरा हात लागले, एकाला वीस, एका दांडगोबाला बावीस. मला सतरा. बावीसवाला पलीकडे पोचून भात्यासारखा धापा टाकत होता. तात्या त्याला म्हणाले, "कामून इतकं बदडायलास रं पाण्याला? त्यानं तुजं काय घेतलंय?"

मग सत्तरी ओलांडलेले तात्या स्वतः उतरले. एका अंगावर कलंडून, कान पाण्यात ठेवून, ना आवाज ना फेस, ते दहा हातांत पलीकडे गेले. पोहण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे आकड्याला आकडा लावून पाहणे बरोबर नाही, असे पुतणीने मला नंतर समजावले. पण त्या वेळी मात्र ती त्यांच्याकडे अशी पाहत होती, जसा एखादा विद्यार्थी परीक्षकाकडे पाहतो.

संध्याकाळी तिने मला या विद्येचा धडा दिला. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यात वेग दुप्पट करू पाहाल तर पाण्याची अडवणूक सुमारे चौपट होते. म्हणून अंगातले बळ वाढवण्याआधी अडवणूक कमी करावी, हे शहाणपण. शरीर तराजूच्या दांडीसारखे असते. डोके वर काढले की पाय खाली जातात, आणि मग सहा फुटी माणूस पाण्यात दारासारखा आडवा लागतो. डोके पाण्यात, नजर तळाकडे, कंबर वर, पुढचा हात लांब : एवढे जमले की त्याच कष्टात प्रत्येक हाताला वीतभर अंतर फुकट मिळते. पन्नास मीटरला पन्नास हात मारणाऱ्याला हजार मीटरला हजार हात लागतात, चाळीसवाल्याला आठशे. दोनशे हातांची ही बचत एका दिवसाची.

हा केवळ तिच्या गुरुजींचा लहरी सिद्धांत नव्हे. क्रेग आणि पेंडरगास्ट या अमेरिकन अभ्यासकांनी स्पर्धेतल्या पोहणाऱ्यांचे हात आणि वेग मोजून १९७९ साली निबंध प्रसिद्ध केला. हिशेब चौथीतल्या मुलाला कळेल असा आहे : एका हातात कापलेले अंतर गुणिले मिनिटात मारलेले हात, म्हणजे वेग. दोन्ही बाजूंनी वेग वाढवता येतो. परंतु जे खरोखर वेगवान ते बहुधा लांब पल्ल्याच्या हाताचे, असे त्यांना दिसून आले.

तिच्या वहीतले सराव मला फार आवडले, कारण त्यांत शिक्षणशास्त्र आहे. पहिला सराव नुसता सुटण्याचा. भिंतीला रेटा द्यायचा, अंग बाणासारखे करायचे आणि एकही हात न मारता कुठवर जातो ते पाहायचे. दुसरा मुठी आवळून पोहण्याचा. पंजा नाही म्हटल्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पाणी धरायला शिकतो. मग मूठ उघडली की पंजा एकदम सुपाएवढा वाटतो. तिसऱ्यात एक हात पुढे थांबून दुसऱ्याची वाट पाहतो, आणि तो आल्याशिवाय हलत नाही. चौथा म्हणजे पंचवीस मीटर आठ वेळा, प्रत्येक वेळी तितक्याच हातांत. आकडा वाढला की त्या दिवसापुरते थांबायचे, कारण थकलेले शरीर चुकीचे तेवढे झटपट शिकते. पाचव्यात दर खेपेला वेग थोडा वाढवायचा, पण हात वाढवायचा फक्त एक.

आणि मला सगळ्यांत पसंत पडला तो ताळ्याचा सराव. पन्नास मीटरला किती सेकंद लागले आणि किती हात लागले, यांची बेरीज करायची. पंचेचाळीस सेकंद आणि चाळीस हात, बेरीज पंच्याऐंशी. पुढच्या खेपेला चौऱ्याऐंशी करून दाखवा! कुणी लबाडी करून नुसताच लांबलचक तरंगत राहिला तर हात कमी होतात, पण सेकंद वाढून बेरीज त्याची चोरी पकडते. थांबलेली गाडी पुन्हा ओढायला बैलाला जास्त जोर लागतो, तसेच हे. याला अपवादही आहेत. अमेरिकेच्या जॅनेट इव्हान्सने १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये भराभर फिरणाऱ्या आखूड हातांनी तीन सुवर्णपदके जिंकली. तेव्हा हात किती लांब हवा याचे उत्तर ज्याचे त्यानेच मोजून काढायचे असते. पाठ करून चालत नाही.

हे ऐकत बसलेल्या आमच्या काकू मध्येच म्हणाल्या, "डोकं हलवायचं नाही म्हणता, मंग डोक्यावर घागर ठिवून पव्हा म्हणावं की!" आम्ही हसलो. पण पुतणीने लगेच आपल्या फोनवर चित्र काढून दाखवले. अमेरिकेचीच केटी लेडेकी, जगातली एक थोर जलतरणपटू, २०२० साली डोक्यावर चॉकलेटच्या दुधाचा पेला ठेवून पन्नास मीटर पोहली होती आणि तो सांडू दिला नव्हता. काकूंनी चित्र नीट पाहिले. "आमच्या दोन-दोन असायच्या," एवढेच म्हणून त्या चूल पाहायला उठल्या.

वहीत आणखी एक सराव होता : पायांत तरंगता ठोकळा धरून फक्त हातांनी पोहण्याचा. तो वाचताना मला सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आठवले. हा लष्करातला मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. पुढे त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ साली पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण ज्या सरावात पायांना घटकाभर रजा देतो, त्यात त्यांचे सगळे पोहणे होते. अशा माणसाला एकही हात वाया घालवणे परवडणारे नव्हते.

आता, आम्हा खेडवळ माणसांना ना पदक मिळवायचे आहे, ना सेकंद वाचवायचे आहेत. मग हे मोजणे आमच्या काय कामाचे, असे कुणी विचारील. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा एका तलावात गेला. त्याला पोहता येत होते. गावात तर तो पट्टीचा पोहणारा समजला जाई. मित्रांशी पैज लावून तो पलीकडच्या काठाला लागला, हात उंचावून ओरडला, आणि लगेच परत फिरला. येताना काठ घराच्या अंगणाएवढ्या अंतरावर राहिला होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढचे रकाने मार्चपर्यंत मी रिकामेच ठेवले.

त्याला पोहता येत नव्हते, असे मी कधीही म्हणणार नाही. त्याच्याजवळचे हात संपले होते, एवढेच. आमच्या पाण्याची तऱ्हाही आता बदलली आहे. १९६०च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. सिद्धेश्वर तर आमच्याच औंढा तालुक्यात. विहिरीला चहूकडे भिंत हाताशी असते. धरणाच्या पाण्यात काठ दिसतो त्याहून दूर असतो. कालव्याला ओढ असते. आणि अलीकडची प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी तर सगळ्यांत फसवी : आत पाय घसरून गेला की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्या आकड्यात ज्यांना 'येतंय' असे म्हटले जाई असेही पुष्कळ असतील.

म्हणून पुतणी गेल्यावर मी ती मोजणी चालू ठेवली. रविवारी सकाळी तात्या दोराचे वेटोळे घेऊन काठावर बसतात, एक फुगवलेली ट्यूब पाण्यात सोडलेली असते, एकट्याने कुणी उतरायचे नाही आणि शेततळ्याकडे कुणी फिरकायचे नाही, हे पहिले दोन नियम. तिसरा नियम मोजण्याचा. बावीस हातांचा दांडगोबा दीड महिन्यात पंधरावर आला. ताकद तेवढीच, फक्त मान खाली गेली आणि भांडण मिटले. मी त्याला विचारले, "आता न थांबता किती फेऱ्या होतील?" पूर्वी तो छाती काढून म्हणाला असता, 'कितीही'. आता त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "सहा होतील, सर. पण मी चारच मारीन."

ते उत्तर ऐकून मला जे वाटले ते कुठल्याही निकालाच्या दिवशी वाटलेले नाही. पलीकडे जाण्याचा हिशेब सगळेच करतात. परत येण्याचे हात शिल्लक ठेवून पाण्यात उतरणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

या दिवाळीला पुतणी पुन्हा येणार आहे. शाळेतल्या चार मुलींनी मला हळूच विचारून ठेवले आहे, "सर, ताई आल्या की आम्हालाही शिकवतील का?" त्यांच्या आयांना काकूंनी परस्पर राजी केले, हे मला मागाहून कळले. तात्यांनी विहिरीच्या पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडून काढले आहे, दोर नवा आणला आहे, आणि कुणी न सांगता त्याला सव्वीस हातांवर एक गाठ मारून ठेवली आहे.