मसनूई दगड

कोल्हापुरात दगडाचं काय नवल? अंबाबाईचं देऊळ काळ्या पाषाणाचं, पन्हाळ्याचे बुरूजही त्याच जातीचे. रंकाळा तर मुळात दगडाची खाणच होती, असं जुनी माणसं सांगतात. अशा मुलखात कुणी घरी बसून सिमेंटचे दगड करतं म्हटल्यावर लोक हसणारच. कसबा बावड्यातले आमचे शेजारीही हसले.

अब्बा गवंडी. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली आणि त्या मजुरीवर मला बी.एड.पर्यंत शिकवलं. सिमेंटमध्ये क्रोमियमचा अंश असतो, तो कित्येक गवंड्यांच्या कातडीला बाधतो. अब्बांच्या हातांना भेगा पडल्या. वजू करतानाही हात चुरचुरायचे. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, 'आता सिमेंटला हात लावायचा नाही.' थापी, ओळंबा, रंधा कोनाड्यात गेले आणि त्यांच्यासोबत अब्बांचं बोलणंही.

2021च्या जुलैतल्या पुरात परसातली बरीच माती वाहून गेली. अम्मीला फुलझाडांभोवती दगडांचा आडोसा हवा होता. आपल्याकडचा काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो. तो आणणार कोण, उचलणार कोण? मी म्हटलं, "अब्बा, आपणच दगड करू. तुम्ही फक्त सांगा, हात माझे."

ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. हे हात सिमेंटपासून लांब राहावेत, त्यांत खडू यावा, यासाठीच तर त्यांनी जन्मभर खस्ता खाल्ल्या होत्या. मग एवढंच म्हणाले, "रबरी हातमोजे घाल."

आणि ते बोलू लागले. विटांच्या तुकड्यांचा ओबडधोबड ढीग रचायचा, पण आधी त्या भिजवायच्या; कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन टाकते. ढिगावर खुराड्याला लावतात ती बारीक जाळी आवळायची. एक घमेलं सिमेंटला तीन घमेली चाळलेली वाळू, आणि पाणी बेताचंच. इंचभर थर दाबून बसवायचा. थर ओला असतानाच चुरगळलेलं प्लॅस्टिक त्यावर दाबलं की दगडासारख्या सुरकुत्या उमटतात. काळा रंग हवा तर ऑक्साइड सुक्या सिमेंटमध्येच मिसळायचा, वरून फासायचा नाही. मग गोणपाट झाकून निदान सात दिवस पाणी मारायचं. झाडं लावण्याआधी दगड वरचेवर धुवायचे, कारण नव्या सिमेंटमधला चुना कोवळ्या मुळांना सोसत नाही.

दगड हलका व्हावा म्हणून मिश्रणात उसाच्या चिपाडाचा भुसा घालू का, असं मी विचारलं. राजाराम कारखाना बावड्यातच, उसाला काय तोटा! अब्बांनी मान हलवली. "बेटा, शक्कर सिमेंट की दुश्मन है." विज्ञानही तेच सांगतं. सिमेंटच्या हजार भागांत एखाददुसरा भाग साखर गेली तरी ते वेळेवर घट्ट होत नाही. गंमत अशी की जुन्या चुन्याच्या बांधकामात मुद्दाम गूळ घालत. एकाला जे पोषक, तेच दुसऱ्याला मारक. दोघांचा स्वभाव अब्बांना कामावरच कळला होता.

मी त्यांना पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. 1824 साली इंग्लंडमधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्यानं नव्या सिमेंटचं पेटंट घेतलं. ते घट्ट झाल्यावर पोर्टलंडच्या नामांकित दगडासारखं दिसतं, म्हणून त्याला 'पोर्टलंड सिमेंट' म्हटलं. म्हणजे दगडासारखं दिसणं सिमेंटच्या नावातच आहे! एका गवंड्यानं हा शोध लावला हे ऐकून अब्बा ताठ बसले.

आमच्या शाळेची सहल कणेरी मठावर गेली होती. तिथल्या सिद्धगिरी संग्रहालयात खेड्यातली माणसं, बलुतेदार, बैल सगळे सिमेंटचे. एका मुलीनं विचारलं, "टीचर, ये सब नकली है ना?" मी म्हटलं, नकली नाही, मसनूई. उर्दूत हा शब्द 'सनअत'च्या कुळातला, आणि सनअत म्हणजे कारागिरी. मराठीतला 'कृत्रिम'ही करण्यातूनच आलेला. नकली वस्तू फसवायला निघालेली असते. मसनूई वस्तूमागे कुणाची तरी मेहनत असते.

तरी एक गोष्ट मनाला लागते. माणूस हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. दुसरीकडे, खाणीसाठी डोंगर पोखरला जातो तोही बघवत नाही. म्हणून आम्ही पाचच दगड केले, आतून जुन्या विटा भरलेले. दोन पावसाळ्यांनी त्यांवर शेवाळ चढलं. आता नवा माणूस त्यांवर सहज बसतो आणि मग पोकळ आवाज ऐकून दचकतो.

हसणारे शेजारीच हल्ली प्रमाण विचारायला येतात. मी पुढे होत नाही. अब्बा खुर्ची ओढून बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हातमोजे आहेत का?"