पीळ कुठे आहे?

मानखुर्द सुटलं की पनवेल लोकल खाडीकडे वळते. वारा आत येतो, गर्दी असली तरी माणसं जरा सैल होतात. त्या संध्याकाळी महिलांच्या डब्यात माझ्यासमोर दोघी बसल्या होत्या. कुर्ल्याला चढलेल्या. एकीच्या मांडीवर झेरॉक्सचा जाड गठ्ठा होता. तिने वहीच्या शेवटच्या पानाची लांब पट्टी फाडली, तिला अर्धा पीळ दिला आणि दोन्ही टोकं चिमटीत धरून जोडली.

"हे बघ. मधोमध वर्तुळ आहे असं समज. त्याच्या प्रत्येक बिंदूवर एक रेघ उभी. चालत चालत पुन्हा इथे आलीस की रेघ उलटी झालेली."

दुसरीने पट्टी हातात घेतली. दोन बोटांत धरून तिचा एक तुकडा सपाट केला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. अशी सगळी पट्टी चाचपून झाल्यावर तिने विचारलं, "अगं, पण जिथे बघावं तिथे ही सरळच आहे. मग पीळ नेमका आहे कुठे?"

पहिली गप्प झाली. मग म्हणाली, "शुक्रवारी हेच कुणीतरी विचारणार."

"सर असणार आहेत?"

"छे, आपण आपणच."

गाडी पुलावर आली होती. ओहोटीच्या चिखलात पाणी मागे सरकलं होतं. दोघी पट्टीवर वाकल्या होत्या.

त्या ज्या शुक्रवारबद्दल बोलत होत्या, तो विद्यार्थ्यांच्या बैठकीचा. गणिताच्या विभागांत अशी बैठक असते. पीएचडी करणारी आणि एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं ती आपली आपण चालवतात. सत्राच्या सुरुवातीला यादी फिरते, ज्याने त्याने विषय आणि तारीख लिहायची. बोलणारा आपल्याच बरोबरीच्यांना शिकवतो. त्याला गुण नाहीत, हजेरी नाही. पुष्कळ ठिकाणी संकेत असा की प्राध्यापकांनी त्या वेळी तिकडे फिरकायचं नाही. मला हा संकेत फार मोलाचा वाटतो. गुरूंसमोर मूल आपल्याला काय येतं ते दाखवतं. बरोबरीच्यांत बसलं की काय येत नाही ते बोलून दाखवतं. गणिताचं खरं काम या दुसऱ्या जागी सुरू होतं.

एखाद्या सिद्धतेत 'हे उघडच आहे' असं म्हणून बोलणारा पुढच्या ओळीकडे वळतो आणि मागच्या बाकावरून हळूच 'का?' असं येतं. बोलणारा थांबतो. खडू फळ्याला टेकलेलाच असतो. तो दोन ओळी मागे जातो, कोपऱ्यात एक लहान उदाहरण मांडतो, ते पुसतो, दुसरं मांडतो. तोवर आणखी कुणीतरी उठून फळ्याशी गेलेलं असतं. अर्ध्या तासाचं व्याख्यान दोन तास चालतं आणि ठरलेलं प्रमेय पुढच्या आठवड्यावर जातं. बघणाऱ्याला वाटेल वेळ फुकट गेला. माझ्या मते त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या पदवीतली ती सगळ्यांत भरघोस संध्याकाळ असते. म्हणून मला अशा खोलीत प्रोजेक्टर आवडत नाही. पडद्यावर पान एकदम उमटतं आणि तितक्याच झटक्यात जातं. फळ्यावरची ओळ हाताच्या चालीने येते. ती पुरी होईतो ऐकणाऱ्याला शंका सुचायला अवधी मिळतो.

लोकलमधल्या पहिलीने गठ्ठा बाकावर ठेवला तेव्हा वरचं पान दिसलं. फायबर बंडल्स (तिच्या पट्टीसारख्या रचना) आणि विकलक भूमिती यांवरची झां-लुई कोझुल यांची व्याख्यानं, टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९६०. खाली दुसरं नाव होतं, एस. रामनन. व्याख्यानं फ्रान्सहून आलेल्या थोर गणितज्ञाची, टिपणं संस्थेतल्या विद्यार्थ्याची, आणि दोन्ही नावं एकाच मुखपृष्ठावर.

ही त्या संस्थेची रीतच होती. होमी भाभांनी १९४५ साली संस्था काढली, १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन आले आणि त्यांनी गणिताची शाखा उभी केली. देशोदेशींचे गणितज्ञ मुंबईला यायचे, दोन-दोन महिने मुक्काम करून व्याख्यानमाला द्यायचे. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी ती उतरवून घ्यायचं, गाळलेल्या पायऱ्या भरायचं, आणि संस्था ती छापायची. लोरां श्वार्त्स यांना १९५० मध्ये फील्ड्स पदक मिळालेलं. त्यांच्या सम्मिश्र वैश्लेषिक बहुपृष्ठांवरच्या व्याख्यानांची टिपणं १९५५ मध्ये निघाली, त्यांवर नाव एम. एस. नरसिंहन यांचं. ते तेव्हा जेमतेम तेविशीचे. संस्था त्या काळी गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. कुलाब्याची आजची इमारत १९६२ सालची. तेवीस वर्षांच्या मुलावर एवढा विश्वास टाकायचा, तू समजून घे आणि जगाला समजावून सांग, ही शिकवण्याची मला माहीत असलेली सर्वांत उदार पद्धत आहे.

नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री १९५३ साली या संस्थेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. दोघेही मद्रासच्या लोयोला कॉलेजातले. १९६५ मध्ये त्यांचं जोडनावाचं प्रमेय प्रसिद्ध झालं. रीमान पृष्ठभागावर उभारलेल्या ज्या रचनांना गणितात स्थिर म्हणतात, त्यांची ओळख पृष्ठभागावर फेऱ्या मारून परत आल्यावर काय काय फिरलेलं दिसतं यावरून पटते, असा त्याचा ढोबळ आशय. पुढे भौतिकशास्त्रज्ञांनाही त्याची गरज पडली.

लोकलमधल्या मुलीचा प्रश्न याच घराण्यातला. पीळ एका जागी नसतोच. तुम्ही तो बोटाने ढकलून पट्टीच्या कुठल्याही भागात नेऊ शकता, आणि जिथे न्याल तिथला तुकडा सोडून बाकी सगळं सपाट करू शकता. पण पुरी फेरी मारा, तो भेटल्यावाचून राहत नाही. तुकड्या-तुकड्याने पाहणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. गणितातली ही मला सर्वांत लाडकी गोष्ट.

गाडीत गणित करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना राहायचे पुण्याला आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. गणित, प्राचीन नाणी, संस्कृत सुभाषितं, इतिहास, हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यात त्या गाडीबरोबर घाट चढायचं आणि उतरायचं.

घाटावरून आठवलं ते चाळीसगावजवळचं पाटणं. गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटणादेवीचं ठिकाण आहे. पावसाळ्यात तिथे गेले होते. डोंगर धुक्यात, ओढे फुगलेले, शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नव्हता. बहुतेक मंडळी देवीला येतात, नारळ फोडतात, धबधबा बघून परततात. माझं येणं एका शिलालेखासाठी. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८ चा हा लेख, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. त्यात भास्कराचार्यांचं घराणं पिढी-पिढीने दिलं आहे. वडील महेश्वर, मग भास्कर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. भास्कराचार्य १११४ मध्ये जन्मले आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. त्यांच्या आणि त्यांच्या घराण्याच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून नातवाने पाटण्यात मठ स्थापला.

मठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जप, भजन, पंगत येते. हा मठ गणिताचा आणि ज्योतिषाचा. इथे 'लीलावती' उघडून पोरं बसत असतील. एक जण श्लोक म्हणणार, दुसरा रीत सांगणार, तिसरा धूळपाटीवर आकडे मांडणार. कुट्टकाचं, म्हणजे पूर्णांकांत उत्तर शोधण्याच्या रीतीचं, उदाहरण कुठेतरी अडणार, आणि सर्वांत धाकटा विचारणार, इथे भागाकार उलटा का घ्यायचा? त्या मठातली एकही संध्याकाळ कुणी लिहून ठेवलेली नाही. पण ती घडत असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण एकट्याने बसून कुट्टक पचत नाही.

मठाला देणगी दिली ती निकुंभ घराण्यातल्या सोइदेव या मांडलिकाने. दिवस श्रावणी पौर्णिमेचा, वेळ चंद्रग्रहणाची. सर्व लोकांच्या समक्ष हातावर पाणी सोडून दान दिलं, असं लेखात आहे. ग्रहण कधी लागेल आणि कधी सुटेल ते मांडणाऱ्यांच्या शाळेला ग्रहण लागलेलं असताना दान, याहून नेमका मुहूर्त कुठला असणार. वर चंद्र काळवंडत चाललेला आणि खाली, तो असाच काळवंडणार हे गणिताने आधी सांगणारी माणसं उभी.

पण माझा जीव जडला तो लेखाच्या शेवटावर. तोवर संस्कृत चाललेलं असतं. अखेरीस लेख मराठीत उतरतो, आणि मराठीत आल्याबरोबर थेट बाजारात शिरतो. पाटण्याच्या पेठेत जो माल विक्रीला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचा तो हिस्सा मठाला दिला आहे. जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीपळी तेल मठाला. वाचता वाचता मी तिथे थबकले. तेल खाण्यातही जात असेल, अंगालाही लागत असेल. पण रात्री पोथी वाचायची तर दिवा लागतो आणि दिव्याला तेल. गावातला घाण्याचा बैल दिवसभर फिरायचा, आणि त्या फिरण्यातलं पळीभर गणिताला पोचायचं. घाणा चालवणाऱ्या तेल्याला त्रिकोणमितीतल्या ज्या आणि कोटिज्या कळत नव्हत्या. त्याला एवढं माहीत होतं की आपल्या गावात पोरं रात्री काहीतरी कठीण शिकतात आणि त्यांच्या दिव्यात आपलं तेल आहे. राजाची देणगी इतिहासात मिळते. तेल्याची पळी दगडावर कोरलेली मला इथेच भेटली.

पाटण्याहून आता परत खाडीकाठी येऊ. आम्ही राहतो ती नवी मुंबई १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर कागदावर आखली गेली आणि मग उभी राहिली. खाडीवरून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. तुर्भ्याला घाऊक बाजार आहे: मसाला, धान्य, फळं, भाजी, कांदा-बटाटा. पहाटे तीनला तिथे ट्रकांची रांग लागलेली असते. सेक्टरागणिक शाळा, नोडागणिक कॉलेज. गणितात खोल जाऊ पाहणारं पोर मात्र पहाटेची लोकल धरून खाडीपलीकडे जातं आणि रात्री परत येतं. खाडीच्या त्या काठावर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गणित ऑलिम्पियाडच्या मुलांची शिबिरं तिथे भरलेली आहेत. मुंबई विद्यापीठात असताना प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये उन्हाळी गणित शिबिरांची चळवळ सुरू केली. लहानसहान गावांच्या कॉलेजांतली मुलं तिथे येतात, आणि त्यांना उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारून फळ्याशी उभं केलं जातं. एकदा असं उभं राहिलेलं मूल गावी जाऊन पुन्हा गुमान टिपणं उतरवत बसत नाही, असं त्या शिबिरांतून आलेल्यांच्या तोंडून मी ऐकलं आहे.

मुलांनी आपली आपण चालवलेल्या बैठकीला लागतं फार थोडं. संध्याकाळी सहानंतर कुलूप न लागणारी एक खोली, भिंतभर काळा फळा, खडूचा डबा, चहाची सोय, आणि शेवटची लोकल चुकणार नाही इतक्या अंतरावर स्टेशन. नेरूळ, वाशी, बेलापूर, खारघर, कुठल्याही नोडात हे जमण्यासारखं आहे. तुम्ही कॉलेजच्या व्यवस्थापनात असाल, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल, सोसायटीचा हॉल तुमच्या हाती असेल, बाजारात तुमचा गाळा असेल, तर आठवड्यातली एक संध्याकाळ या मुलांच्या नावे लिहून द्या. ती काय बोलतात ते आपल्याला कळलं नाही तरी चालेल. पाटण्याच्या तेल्यालाही ते कळत नव्हतं.